हिराबाईची न्हाणी

तंजावूर, २ एप्रिल २०२५

चि. जननीस, आजी हिराबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या शेषगिरींनी ओट्यावर बसून दोनदा वाचून दाखवलं. पस्तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं, म्हणून ही अक्षरं त्यांना येतात. मला त्यातला काना कळत नाही. मी सांगते तसंच उतरवायचं, त्याला शहाणं करायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. फोन का नाही, म्हणशील. फोनवर तू हूं हूं करतेस आणि ठेवून देतेस. कागदाला हूं करता येत नाही.

हॉलंडच्या कॉलेजात तुला घेतलं, घरं बांधण्याचं पुढचं शिक्षण, दोन वर्षं, आणि तीस तारखेच्या आत हो की नाही कळवायचं. इतकं समजलं. जिथे सूर्य पाहुण्यासारखा येतो, तिथे उष्ण देशातली घरं शिकवतात म्हणे. इडली शिकायला दिल्लीला जाण्यातली गत. शेषगिरी म्हणतात, कॉलेज मोठं आहे. त्यांना परदेशातलं सगळंच मोठं दिसतं. तिकडे राहणाऱ्या जावयाची अक्कलसुद्धा.

पण लिहवते आहे ते वेगळ्या कारणाने. तिथल्या मास्तरांनी तुझी स्तुती केलेले कागद तू पाठवलेस, वर माझा फोटो. दोन वर्षांमागे मधल्या खोलीत तू माझ्यासाठी न्हाणी बांधलीस. खाटेपासून सहा पावलं, धरायला दांडी, वरून उजेड, भाजक्या मातीची जाळी. त्या न्हाणीने एका म्हातारीला मान मिळाला, असं ते लिहितात, आणि मुख्यतः तेवढ्यावरच तुला घेतलं. माझा मान तिकडून मोजायला यांना कोणी बसवलं, देव जाणे.

तर ऐक. त्या न्हाणीत मी एकदाही अंघोळ केलेली नाही. फोटोसाठी दारात बसवलंस तेव्हा माझं डोकं कोरडं होतं. एवढ्या पंडितांत एकालाही ते दिसलं नाही. तिथे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या कोलूच्या बाहुल्यांच्या पेट्या आहेत आणि तांदळाचं पिंप. जागा कोरडी, उजेड छान, उंदीर फिरकत नाही. बाहुल्यांना फार मानवली. मी आपली पूर्वीसारखी मागे, विहिरीजवळच्या दगडावर.

माझ्या कोरड्या डोक्यावर बसून तू विमान गाठणार, म्हणून सांगितलं. जावं की न जावं, ते तुझं तू ठरव. उन्हात हिंडू नकोस, आणि रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

हिराबाई (अंगठा)


चेन्नई, ७ एप्रिल २०२५

ती. आजीस, जननीचा सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि उरलेला दिवस पार्किंगच्या उतारांच्या रेघा वाकड्या येत राहिल्या. तीन वर्षं इथे दुसऱ्यांच्या मॉलचे उतार काढते आहे. माझं म्हणावं असं एकच काम होतं.

अप्पांना फोन केला. ते म्हणाले, हो, ठाऊक आहे, त्यात काय. अम्मा म्हणाली, तुझं मन मोडवेना. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, दूधवाल्यालाही असेल, आणि मी मात्र जगाला तो फोटो दाखवत फिरले.

त्या वर्षी पोंगलला तू त्याच दगडावर घसरलीस, म्हणून ती न्हाणी बांधली. आता तू एक्याऐंशीची. शेवाळावर उभी राहून पहाटे घागर ओढतेस, आणि मी हॉलंडला पाठवलेल्या कागदावर लिहिते की माझी आजी सुरक्षित आहे. नक्की काय चुकलं, तेवढं तरी सांग. फरशी? नळाचं पाणी?

मी नाही म्हणून कळवणार आहे. जिला एक न्हाणी नीट बांधता येत नाही, तिने पुढे काय शिकायचं. तुझा राग आलाय. पण जपून राहा, आणि त्या दगडावर तरी अम्माला सोबत घे.

तुझी, जननी


तंजावूर, ११ एप्रिल २०२५

चि. जननीस, आजीचे आशीर्वाद विशेष.

तुझं पत्र वाचताना शेषगिरींना तीनदा घसा साफ करावा लागला. मला लागला नाही.

फरशी बरी आहे. चुकलं ते दार. तू मापं घ्यायला आलीस ती सकाळी दहाला, दोसे खाऊन. भिंत मोजलीस, खाट मोजलीस, भिंतीला उभी करून मलाही मोजलंस. पहाटे पाचला मी काय करते, ते बघायला उठली नाहीस. तुझाही काय दोष; अकराव्या वर्षापासून तिरुच्चीच्या वसतिगृहात, सुट्टीत आलीस की आठशिवाय डोळा उघडत नाही.

विहिरीवर न्हाऊन मागचं दार लोटलं की मी थेट स्वयंपाकघरात. ओलं लुगडं काठीने वरच्या वलणीवर टाकते, त्याला कोणी शिवत नाही. सोवळ्यात देवाचा भात चढवते. तुझ्या न्हाणीचं दार उघडतं मधल्या खोलीत. तिथे तुझा बाप बिनअंघोळीचा कॉफी पीत पेपर पसरून बसलेला, तुझी आई केर काढत असलेली. त्यांना चुकवत स्वयंपाकघर अकरा पावलं. पदर लागला की परत अंघोळ. मग मी दिवसभर न्हातच बसू? आणि लुगडं वाळत कुठे घालू, तुझ्या जाळीवर?

सोवळं हा मूर्खपणा आहे, असं म्हणशील. म्हण बापडी. घरं मूर्खांसाठीही बांधावी लागतात. शहाणे आहेत किती?

आणि हे नाही म्हणून कळवण्याचं खूळ. ते लोक बिनकामाचे म्हणून जाणार नाहीस, तर मी समजेन. आपल्यालाच येत नाही म्हणून शिकायला जाणार नाही, असं म्हणणारी तू पहिलीच. पोट दुखतं म्हणून वैद्याकडे न जाणारी. त्यांना खरं काय ते कळवून टाक, आणि काय म्हणतात ते मला लिही. करमणूक होईल.

अम्माला सोबत न्यायचं म्हणतेस. ती आली की दोघी घसरू. लोभ होता तेवढा असू दे.

हिराबाई (अंगठा)


चेन्नई, १७ एप्रिल २०२५

ती. आजीस, जननीचा सा. न. वि. वि.

खरं कळवलं. दार, सोवळं, बाहुल्या, पिंप, सगळं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मुख्य मास्तरांचं उत्तर आलं. त्यांना फारच आनंद झाला. वापरणाऱ्या बाईने जागेला स्वतःचा अर्थ दिला, न्हाणीचं देऊळ केलं, असं ते म्हणतात, आणि याच विषयावर प्रबंध लिही म्हणून सुचवतात. बांधलं तेव्हा स्तुती, फसलं तेव्हा जास्त स्तुती. वाचून हसले आणि मग अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

आता एक सांगायचं आहे. माझं काम पाचजणांनी तपासलं होतं. तुला मी चौघांचे कागद पाठवले. पाचवा ठेवून घेतला. तो एका वयस्क बाईंचा होता. त्यांनी लिहिलं होतं की ही म्हातारी ओल्या अंगाने बाहेर येते ती कोणासमोर, हे नकाशात दिसत नाही. काम कच्चं आहे. मला त्या उद्धट वाटल्या. कागद खणात टाकला आणि विसरून गेले.

त्यांचंही उत्तर आलं आहे. एवढंच विचारलंय की मग ती न्हाते कुठे, त्या जागेचा नकाशा पाठव.

तो माझ्याकडे नाही, आजी. घराची इंच न इंच मापं आहेत. विहिरीच्या दगडाची नाहीत. आता तेरा दिवस उरलेत आणि काय करावं ते समजत नाही. तू स्पष्ट सांगितलंस तर बरं होईल. माया असू दे.

जननी


तंजावूर, २१ एप्रिल २०२५

चि. जननीस, आशीर्वाद.

मुख्य मास्तर म्हणजे लग्नातला नादस्वरवाला. नवरी येवो की पंगत उठो, गाल फुगवायचे. उद्या न्हाणी माझ्या अंगावर कोसळली तर आभाळ मोकळं केलं म्हणून तुला शाल देतील. असे चौघे दोन वर्षं तुझी पाठ थोपटत राहिले, तर तू परत येशील ती पाठच घेऊन.

पण ती पाचवी. तिला मुलंबाळं आहेत का, सासूजवळ राहिली होती का, विचार. हजारो कोसांवरून नुसता कागद बघून तिने ओळखलं, ते तुझ्या बापाला रोज समोर बसून कळलं नाही. तिला आपलं सोवळं ठाऊक नसणार. पण बाई न्हाऊन निघाली की कुठेतरी जाते, एवढं ठाऊक आहे. तिच्या हाताखाली जा. ती तुला रडवेल. मी रडवलं तर तू नाही म्हणून कळवायला निघालीस. तिने रडवलं तर नकाशा काढशील.

आता माझंही एक ऐक. तू कागद लपवलास, मी दोन वर्षं बाहुल्या लपवल्या. तोंड उघडलं ते तुझं जायचं ठरायला आलं तेव्हा. तुला खरं कळावं, हा काही माझा हेतू नव्हता. तू जाऊ नयेस, असं वाटलं. माझ्या वयाला दोन वर्षं म्हणजे तुझी दोन वर्षं नव्हेत. हे लिहायला शेषगिरी कचरत होते, त्यांना दटावून लिहवलं.

आता हो कळव. मन बदलायचं असेल तर मला विचारू नकोस. मी लगेच बदलेन.

हिराबाई (अंगठा)


चेन्नई, २९ एप्रिल २०२५

ती. आजीस, सा. न. वि. वि.

हो कळवलं. त्या बाईंनाच मार्गदर्शक मागितलं. त्यांनी कबूल केलं, पण आनंद झाल्याचं लिहिलं नाही. मे महिन्यात गवंडी घेऊन येते. मधल्या खोलीतलं दार बुजवून मागच्या बोळात उघडू, वर वलणी बसवू. बाहुल्यांची दुसरीकडे सोय बघ.

तुझी, जननी


तंजावूर, ८ ऑगस्ट २०२५

चि. जननीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

नवं दार झालं, वलणी झाली, बाहुल्या माळ्यावर गेल्या. गल्लीतल्या बायका विमान कधी म्हणून रोज चौकशी करतात. पासपोर्ट जणू त्यांनीच काढून दिला. वीस तारीख म्हणून सांगते आणि आत जाते.

पाच दिवस तुझ्या न्हाणीत न्हाले. सहाव्या दिवशी पुन्हा दगडावर गेले.

कारण या पत्रात घालणार नाही, शेषगिरींनाही सांगितलेलं नाही. रविवारी ये. पहाटे पाचला, कॉफी न मागता, माझ्यामागे बस आणि बघ. कळलं तर जाण्याआधी दुरुस्त कर. नाही कळलं, तर दगडाचा नकाशा काढून त्या बाईकडे घेऊन जा. दोघी मिळून शोधा.

हिराबाई (अंगठा)