पोच पाठवायची का?

दि. १४ सप्टेंबर, दुपारी

दादा,

नमस्कार. मी बरी आहे, तू आणि वहिनी बरे असालच. कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस. मेलवर माझा भरवसा राहिलेला नाही. तुझ्यावर किती ठेवायचा, ते अजून ठरत नाही.

आमच्या लॅबमधला जुना मेलचा प्रोग्राम गेल्या आठवड्यात कायमचा बसला. संगणकवाल्याने नवा घातला. म्हणे फुकट आहे, ओपन सोर्स. मी म्हटलं, "फुकट कोण कशाला देईल? आत बसून माझं सगळं वाचत असणार कुणीतरी." तो म्हणाला, "ताई, आतला कोड उघडा आहे. कुणीही तपासून बघावा." कुणीही म्हणजे कोण? मी कवळ्या करते. मला दाढ कळते, कोड कुठून कळणार? "तुम्ही तपासलाय का?" विचारलं, तर नुसता हसला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पण घेतला बाई. आणि दोन दिवसांत हवा तसा करूनही घेतला. अक्षर मोठं केलं, नको ती बटणं काढून टाकली. डॉक्टरांच्या ऑर्डरी निळ्या, तक्रारी जांभळ्या. "कवळी टोचते" म्हणणाऱ्यांचा फोल्डर वेगळा. तुझ्या मेलला लाल रंग दिलाय. राग मानू नकोस, नजरेतून सुटायला नको म्हणून.

मग सोमवारी तुझी मेल आली. बाबांची कपाटं आवरायची आहेत, तू आल्याशिवाय हात लावणार नाही, अशी. उघडली तर वर एक प्रश्न: पाठवणाऱ्याने ही मेल वाचल्याची पोच मागितली आहे. पाठवायची का?

 संगणकवाल्याला फोन लावला. "हे आधी कधी विचारत नव्हतं!" तर म्हणतो कसा, "जुना विचारायचाच नाही, ताई. तो परस्पर पाठवून द्यायचा. तारीख, वेळ, सगळं."

म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवत होतास? सख्ख्या बहिणीवर? सगळ्यांकडून पोच घेतोस की फक्त माझ्याकडून? आवक-जावकच्या टेबलावर तुझी तीस वर्षं गेली, पोच घेतल्याशिवाय तुला घास उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दोन दिवस तुला मनातल्या मनात चिक्कार शिव्या घातल्या. चिडणं सोपं जातं ना, म्हणून.

कारण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि इतकं लिहूनही मी ती टाळतेय. तुझी गेल्या वर्षीची, त्या मंगळवारची मेल. "बाबा सारखं तुझं नाव घेताहेत, असशील तशी निघ." तुमचे फोन मी तेव्हा उचलतच नव्हते. "संसार तूच मोडलास" म्हणाले होते ना बाबा मला. मला वाटलं, आजारपणाचं निमित्त करून बोलावताय, त्यांच्यापुढे नाक घासायला लावायला. मेल बंद केली आणि कवळी घासत बसले. शुक्रवारी ते गेले.

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, मेल मिळालीच नाही. मावशीने डोळे बारीक केले. तेव्हा तूच पुढे झालास. "यंत्र आहे ते, अडकली असेल कुठेतरी. तिला कशाला धारेवर धरता?" वर माझ्या पाठीवर हात ठेवलास. हाताशी पोच असताना! दादा, तुला ठाऊक होतं ना रे?

वर्षभर मी तुझ्या बोलण्यात टोमणा शोधतेय. "वेळेवर जेवत जा"मध्येसुद्धा शोधला. सापडला नाही. नसेलच. पण माझ्या संशयी मनाला ते पटायला वेळ लागतोय, आणि याच मनापायी बाबांचं तोंड बघायचं राहिलं. फार लाज वाटते रे.

रविवारी येते. कपाटं आपण दोघं मिळून आवरू. मावशीला बोलावून ठेव. या वेळी मध्ये पडू नकोस, तिला मीच सांगेन.

नव्या प्रोग्रामच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. जुन्याने माझ्या वतीने परस्पर दिलेली पोच आज माझ्या हाताने देते.

मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, मेल वाचलेली,

तुझी बारकी