आवाज वेगळा, चित्र वेगळं

प्रिय शाहिनाझ,

'प्रिय' एकदा खोडलंही. पण दुसरं काही लिहायची सवयच नाही.

काल रीहाम शिकवणीहून आली ती दारातूनच ओरडत, "दादा, तुझं गाढव मिस्टर वगीहच्या सेंटरमध्ये पोचलं! आणि त्याच्याच आवाजात बोलतंय!" मला वाटलं, बहीण नेहमीसारखी टिंगल करतेय. मग तिने मोबाइल पुढे धरला. मी काढलेलं हलतं चित्र: माझीच गाढवगाडी, माझीच कलिंगडं. गाढव थबकतं, कलिंगडं पुढे उडतात. आपला जडत्वाचा धडा! फक्त तुझ्या आवाजाच्या जागी तो घोगरा वगीह, 'विज्ञानाचा सुलतान', ज्याच्या जाहिरातींच्या फलकांनी मन्सूरा शहरातली एक भिंत मोकळी ठेवलेली नाही. कोपऱ्यात आपली नावं होती, तिथे त्याचा दात दाखवणारा फोटो.

पहिलं चित्र दाखवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "नादेर, घर्षण कुठं गेलं? तुझं गाढव साबणावर चालतंय का?" आणि इतकी हसलीस की चहा सांडला. त्या हसण्यापायी मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं. आई अजून ऐकवते, "लोकांची पोरं पूल बांधतात, माझं पोरगं गाढवं रंगवतंय." मी ऐकून घ्यायचो. कारण तुझ्या वर्गातल्या ज्या मुलांना शिकवणी परवडत नाही, त्यांच्यासाठी ही चित्रं होती. हे कधी विकायचं नाही, ही शपथ तू घातलीस, मी नाही.

रमझानच्या आधी तू लाडात म्हणालीस, "आवाज वेगळा, चित्र वेगळं करून दे ना. तपासणीला साहेब येणार आहेत." मी एकेका धड्यातून तुझा आवाज काढत बसलो. साहेबांना मुकं चित्र कशाला हवं, हे या मूर्खाच्या डोक्यात आलं नाही. माझं नाव पुसलंस, ठीक. पण स्वतःचा आवाज कुणी असा पुसून देतं का गं?

सोनाराकडे वगीहच्या आईबरोबर तू साखरपुड्याची अंगठी निवडलीस, तेही रीहामनेच सांगितलं. त्याचा राग नाही, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू? आहे.

तरी गप्प बसलो असतो. पण आज सकाळी तुझा निरोप आला, "प्रकाशाचा धडा तेवढा राहिलाय, करशील ना? वगीहना घाई आहे." वगीहना! म्हणून हे पत्र. धडा मिळणार नाही. आणि तू काढून टाकायला लावलेला तुझा आवाज माझ्याकडेच होता. सगळे धडे त्या आवाजासकट मी आत्ताच इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट सोडून दिलेत. नाव कुणाचंच घातलं नाही. उद्या वर्गात कुणीतरी उभं राहून विचारेल, "मिस, हा आवाज तुमचाच ना?" हो म्हणालीस, तर सुलतान खोटा पडेल. नाही म्हणालीस, तर तू खोटं बोलतेस हे ओळखून ती मुलं मान खाली घालून बसतील. तो आवाज ती वर्गात रोज ऐकतात, शाहिनाझ.

लाज वाटते, तरी तुझाच,
नादेर