बाबांच्या लॅपटॉपातली जागा

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद घे आणि आधी नीट बस, पत्र लांबणार आहे. मी बरी आहे. गुडघा आपल्या मर्जीने चालतो, जिन्यातला दिवा शेवटी बदलला. फोनवर तू मधेच "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्र रागाने बाजूला टाकलंस तरी ते तिथेच पडून राहील, म्हणून लिहितेय.

बाबा गेल्यापासून अंध मुलांसाठी मी ज्यावर धडे वाचून रेकॉर्ड करते ना, तो त्यांचा लॅपटॉप मागच्या महिन्यात अडून बसला. जागा शिल्लक नाही म्हणे. इतिहासाचं पुस्तक अर्ध्यावर आणि मुलांची परीक्षा तोंडावर. तू म्हणालीस, "बाबांचे फोटो, व्हिडिओ काढून टाक, नाहीतर नवा घे." त्यांचे फोटो माझ्याच्याने पुसवले नसते, आणि त्यांचा लॅपटॉप माळ्यावर गेलेलाही बघवला नसता.

माइक दुरुस्त करायला शेजारचे रेडिओवाले आले होते (हल्ली तू त्यांना 'ते गृहस्थ' म्हणतेस, तेच). म्हणाले, "जागा कोणी अडवलीय ते तरी बघा." मग मी बसून वाचलं, शोधलं, चार वेळा चुकले. डिस्कचा नकाशा उघडला तर सी ड्राइव्हच्या शेजारी तीन कप्पे, तिन्हींवर 'रिकव्हरी' लिहिलेलं. यंत्र बिघडलं तर सावरायला असतात ते. पण एक कंपनीचा, चांगला ऐसपैस, लॅपटॉप अगदी पहिल्या दिवसासारखा करून देणारा. दुसरा कुठल्याशा जुन्या अपडेटने मागे टाकलेला. आजच्या कामाचा काय तो तिसराच.

पुसायचं बटण फिकट पडलेलं, दाबलंच जाईना. पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करावा लागतो, हेही मी वाचून काढलं. रेडिओवाल्यांनी हात घातला नाही. शेजारी बसून एवढंच म्हणाले, "बाई, आधी फोटोंची दुसरी प्रत करा. मग तिन्हींतला जिवंत कोणता ते लॅपटॉपलाच विचारा. पुसायचं त्यानंतर."

प्रत केली. जिवंत कप्पा ओळखून बाजूला ठेवला. कंपनीचा निवडला, हुकूम लिहिला आणि माझं बोट एंटरवर अडकलं.

"बटण आहे ते, विंचू नाही," ते म्हणाले.

"हे पुसलं की पहिल्या दिवसावर परत जाता यायचं नाही."

"कोणाला जायचंय?"

तुला सांगते, मलाच जायचं होतं. बाबा खोकं उघडून लहान मुलासारखे मांडी घालून बसले होते, त्या दिवसावर. मग लक्षात आलं, त्या दिवशी या लॅपटॉपात त्यांचा एकही फोटो नव्हता. परत मिळालं असतं ते नुसतं कोरं यंत्र. बाबा त्यात आले ते त्यानंतर.

दाबलं. मग दुसराही पुसला. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडली तशी इतके दिवस लाल असलेली पट्टी निळी झाली. फोटो सगळे जागच्या जागी. तू त्यांच्या खांद्यावर बसून त्यांचे केस ओढतेस, तोसुद्धा.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते. रेडिओवाले आणि मी एका घरात राहायचं म्हणतोय, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "बाबांच्या जागी?" आणि फोन ठेवून दिलास. बाबांच्या जागी नाही गं. बाबांचं काहीही पुसावं लागलं नाही. जागा घरातच होती, बंद कप्प्यांनी अडवलेली.

बाबांची खुर्ची खिडकीशीच राहील. "माझं टेबल दाराशी बरं, सोल्डरिंगचा धूर बाहेर जातो," हे रेडिओवाल्यांनीच ठरवलं. पण तू हो म्हटल्याशिवाय हत्यारांची पेटी हलवणार नाहीत. मी म्हटलं, "ती माझी मुलगी आहे, सासू नाही." तर म्हणतात कसे, "साबणाच्या डबीत तिला पहिला रेडिओ मी करून दिलाय. तिला न विचारता कसा येऊ?" तेव्हा तू त्यांना रेडिओकाका म्हणायचीस. त्यांना अजून तेच नाव आवडतं, बोलत नाहीत एवढंच.

काल इतिहास संपला. शेवटच्या धड्यात मागे त्यांची शिंक आलीय. मुलं हसतील म्हणून राहू दिली.

तू हो म्हण, असं मी लिहिणार नाही. रविवारी फोन कर. त्यांनी उचलला, तर ठेवू नकोस.

आधी होते तेवढीच तुझी,
आई