सावलीत वाळवलेली जास्वंद

१९ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहून सुरुवात करायची असते, म्हणून केली.

सोबत जास्वंदीच्या पाकळ्या आहेत. मागच्या खेपेला मी घाईघाईत उन्हात वाळवल्या आणि तू फोनवर करवादलीस, "बाबा, या रंगात कांद्याच्या पेशी चहात बुडवल्यासारख्या दिसतायत! मला रंग हवाय, काढा नको." या वेळी सावलीत, पलटून पलटून वाळवल्यात. तुझी आई म्हणाली, "माझ्या साड्यांना कधी एवढं जपलं नाहीत."

रोपवाटिका काढली तेव्हा लोक विचारायचे, फुलझाडं विकून कुणाचं पोट भरलंय? आता त्याच फुलांच्या रंगात तू सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या आतलं बघणार. विकतच्या रंगाला तोडीस तोड उतरला तर कळव. गिऱ्हाइकांपुढे मिरवायला बरं.

त्या दिवशी बोलता बोलता तू अडखळलीस. माझे कान तिखट आहेत, विसरू नकोस. म्हणालीस, "रंग जमेल हो, पण तो लावून बघायला माणसांच्या गाठींचे तुकडे कुठून आणू? ज्याचा तुकडा, त्याची लेखी परवानगी लागते. आणि आजाराने घाबरलेल्या माणसाला विचारायला माझी जीभ रेटत नाही."

तर पाकळ्यांखाली एक डबी आहे. आत मेणात बसवलेला तुकडा, मानेतल्या गाठीचा. इथल्या डॉक्टरांनी तो नेहमीच्या रंगात तपासलाय. कर्करोग आहे, पण वेळेत सापडला. शस्त्रक्रियेने बरा होईल म्हणतात. तेव्हा निदानाचं ओझं तुझ्यावर नाही. "उरलेला द्या, घरात रंगारीण आहे," म्हटल्यावर ते हसले आणि रीतसर सही घेऊन दिला.

तो गृहस्थ घाबरलाय का, म्हणशील. गिऱ्हाइकांसमोर फुशारक्या मारतो. पण कलम बांधायला बसला की हल्ली हातातली सुतळी सुटते. बायको रोज म्हणते, "लेकीला बोलवा." हा म्हणतो, "तिचं काम अर्ध्यावर आहे."

शस्त्रक्रिया सोमवारी आहे. तुकडा मेणात आहे, तो थांबेल. काम उरकून नको, टाकून ये.

डबीवर नाव घातलेलं नाही. परवानगी मात्र लेखी हवी ना? ही घे. दिली.

तुकड्याचा मालक,
तुझा बाबा