श्रुतिकाची ओ

४ ऑगस्ट
पोलादपूरला बस्तान बसलं एकदाचं! घर डोंगराच्या पायथ्याशी. पुढची खोली माझ्या कामाची, मागे आम्ही तिघं: मी, अनुपमा आणि आमची चिमुरडी श्रुतिका. काम मजेचं आहे. दरडीचा इशारा देणारी खोकी वाड्यावाड्यांत खांबांवर बसवायची; त्याआधी वीज गेली-आली तरी ती आपोआप सुरू होतात का, ते तपासायचं. त्यासाठी मी प्रोग्रॅमच लिहिलाय. तो खोक्याची वीज तोडतो, परत देतो. आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो ऑपरेटिंग सिस्टीमला उठवतो. ती उठली की भोंगा वाजतो, प्रोग्रॅम तो ऐकून 'पास' लिहितो, की पुन्हा वीज बंद. दिवसभर हेच. मी नुसता चहा ढोसतो.

६ ऑगस्ट
त्या पीं-पींनी डोकं उठलं होतं. श्रुतिका हल्ली हाक मारली की अशी लांबलचक ओ देते, की बस! तीच रेकॉर्ड करून सगळ्या खोक्यांत घातली. आता वीज दिली की खोकं उठून म्हणतं, 'ओऽऽ'. अनुपमा म्हणाली, पोरीला आत्तापासून कामाला जुंपलंस.

शेजारच्या सोनाबाई भाकऱ्या घेऊन आल्या. त्यांची वरची वाडी माणसांसकट दरडीखाली गेली, तेव्हापासून त्या खाली राहतात. ओ ऐकून उंबऱ्यातच थांबल्या. हाक कोणी मारली, विचारू लागल्या. कोणीच नाही, मशीन आहे, म्हटलं.

"एका हाकंला ओ देऊ नाय," त्या म्हणाल्या. "जितं मानूस दोनदा-तीनदा बोलावतं. ते एकदाच बोलावतात."

मी हसून त्यांना बूटलोडर समजावला. भाकऱ्या ठेवून त्या गेल्या.

११ ऑगस्ट
वरच्या वाडीच्या वाटेवर पहिली खोकी चढवली. घरी येऊन नवं खोकं तपासणीला लावलं. त्याने ओ दिली, 'पास' झालं. मग लक्षात आलं, त्यात सिस्टीम टाकलीच नव्हती. आतलं मेमरी कार्ड काढून पाहिलं, कोरं करकरीत. उठायला आत काही नाही, तर ओ दिली कोणी? माझाच काहीतरी घोळ असणार. नसती कटकट.

१४ ऑगस्ट
प्रोग्रॅम सकाळपासून बंद ठेवलाय. तरी खोकी ओ देतायत. म्हणजे त्यांना उठवणारी हाक माझी नाही.

जेवायला श्रुतिकाला हाक मारली. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओ पुढच्या खोलीतून आली. अनुपमाच्या हातातलं ताट पडलं. महाडच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, काही नाही म्हणाले. पोर नुसती माझ्याकडे बघते. मला फार भीती वाटतेय.

१५ ऑगस्ट
सोनाबाईंचे पाय धरले. त्या रडायलाच लागल्या. "तिची ओ तूच देऊन बसलास रे. वरची मानसं येकदा बोलावतात, आनि ती दर वक्ताला ओ देते."

तिचा आवाज पुसला सगळीकडून. तारा उपटल्या. वर जाऊन खांबांवरच्या बॅटऱ्या काढल्या, या हातांनी. आता तरी सोडा तिला.

१७ ऑगस्ट
श्रुतिका नाही. दुपारी निजवली होती. दाराला आतून कडी. अंथरुणात लाल माती, ओली—

अख्खं गाव शोधतंय. आम्ही हाका मारतोय, तीनदा, पुन्हा तीनदा. ओ येते. वरून, खांबावरून. त्यात बॅटरी नाही. मीच काढली होती, मीच—

१८ ऑगस्ट
खांबाखाली उकरलं. नखं गेली. नुसती माती. मला घ्या, म्हणून ओरडलो. कोणी ओ देत नाही.

दुपार
आली. हाक आली. 'बाबा'. दाराबाहेरून. तिचाच आवाज.

एकदाच.

सोनाबाईंनी दार अडवलंय, अनुपमाचं तोंड दाबून धरलंय. दुसऱ्यांदा येऊ दे, म्हणतात. लिहितोय, म्हणजे तोंड बंद राहील. थांबलोय. ये ना गं. अजून एकदा म्हण, बाळा, फक्त एकदा—

येत नाही.

माझी पोर आहे ती. ओ नाही दिली तर तिला वाटेल, बाबा घरात नाही, आणि ती परत—