सभामंडपाची मधली तुळई

दिल्ली, ४ फेब्रुवारी १९८७
ती. सदूदादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि वर्गात लक्षच लागेना. आपल्या देवळाचा लाकडी सभामंडप पाडून स्लॅब घालायचा, आणि ते काम माझ्याच गवंडी भावाने घ्यायचं? मी इथे जुन्या वास्तू जपायचं शिकते, प्रबंधालाही तोच मंडप घेतलाय. तू पाठवलेल्या फोटोंत तुळया भक्कम दिसतात. नुसती कौलं बदल. माझी परीक्षा होईपर्यंत तरी थांब.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मैना

वरची वाडी, ता. चिपळूण, १५ फेब्रुवारी
चि. मैनास अनेक आशीर्वाद.

स्लॅबचा एवढा राग नको गो. अलोऱ्याच्या कॉलनीत सिमेंट कालवूनच तुला दिल्लीला धाडली. मधली तुळई मला बरी वाटत नाही, पण शिकलेली तू. काम थांबवलंय, पाडण्याआधी तुळयांना लावलेले टेकूही काढले. गावकी खवळली आहे. रावजीने भर बैठकीत विचारलं, आता देऊळ तुझी बहीण दिल्लीतून बघणार काय. घरात आबा मात्र तुझ्या बाजूने. कुणी पाडू नये म्हणून रोज मंडपात बसून असतात.

जपून राहा.
सदू

वरची वाडी, ४ मार्च
चि. मैनास आशीर्वाद.

तार मिळाली असेल. काल सकाळी मधली तुळई भिंतीतल्या टोकाशी मोडली. आबा खालीच होते. जिवावरचं खांद्यावर निभावलं. चिपळूणला दवाखान्यात आहेत. लाकूड बाहेरून गुळगुळीत, आत वाळवीने भुगा. तुला दोष देत नाही असं लिहायला बसलो, पण देतोय. मलाही देतोय, टेकू मीच काढले. गावकी आता सगळाच मंडप पाडायचा म्हणते. तू ये.

सदू

दिल्ली, ६ एप्रिल
ती. दादास सा. न.

काल पोचले, पण जीव तिथेच घुटमळतोय. आपण दोघांनी एकेक तुळई ठोकली, भिंतीतली टोकं उकरली, तेव्हा रावजीकाकाही कान लावून ऐकत होते. अकरांत तीनच पोकळ निघाल्या. तीन नव्या फणसाच्या घालू, बाकीच्या राहू देत, असं तूच गावकीला सांगितलंस, तेव्हा मला मान वर करवेना. आबांनी डाव्या हाताने पाठ थोपटली, ते तर सोसवलंच नाही.

प्रबंधाच्या पहिल्याच पानावर माझी चूक लिहिली आहे. सर म्हणाले, परीक्षक नाराज होतील, गाळून टाक. मी नाही म्हटलं. आबांचा हात किती वर जातो ते दर आठवड्याला कळव.

रागावलास तरी लिहीत राहा.
मैना

वरची वाडी, २० मे
चि. मैनास अनेक आशीर्वाद.

तिन्ही तुळया बसल्या. मंडप उभा आहे. आबांचा हात खांद्यापर्यंत येतो, त्याच्यावर जात नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच. आबा म्हणतात, जेवता येतं ना.

हेदवीकडच्या एका गावची माणसं आली होती. त्यांच्या देवळाचे फोटो सोबत आहेत. पाडायचं की ठेवायचं, एवढं तुझ्याकडून एका ओळीत हवंय.

सदू

दिल्ली, २९ मे
ती. दादास सा. न.

ती एक ओळ मला इथून लिहिता येणार नाही. मी येईपर्यंत मंडपाखाली कुणी बसू नका, म्हणावं. शुक्रवारच्या गाडीने निघते.

मैना