मला एकटीला कळलेले दोन शब्द

कार्डिफ
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. रूबेनदादास,

येरुशाचा सप्रेम शालोम. लिलीवहिनीलाही सांग.

मी बरी आहे. हवा वाईट आहे, पण ती इथे नेहमीच असते. टाफ नदी दुथडी भरून वाहतेय, बागेतली पानं कुजून गेली, आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच दिवे लावावे लागतात. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख परत पुढे गेली. जन्मभर हॉस्पिटलात मिडवाइफ म्हणून दुसऱ्यांना "थोडी कळ सोसा" सांगितलं, आता मला सांगतायत.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. एक तर तू फोन उचलत नाहीस. आणि मेसेज इंग्रजीत पाठवला तर तो तुझी सून, आवीची बायको, तुला वाचून दाखवते. देवनागरी वाचणारा त्या घरात आता तू एकटाच. म्हणून मुद्दाम मोठं अक्षर काढलंय. एकटा बसून वाच.

सप्टेंबरात डॅनियलच्या वाढदिवसाला मलिदा केला होता. पोहे इथल्या गुजराती दुकानात मिळतात, गुलाबाच्या पाकळ्या मात्र शेजारणीच्या बागेतल्या. नारळ सुनेनं, सुहानं, खवला. ती खवणीवर आपल्या आईसारखी एक पाय दुमडून बसते, कुणी शिकवलं कोण जाणे. नातीनं, सारानं, मधेच मूठ भरून पळवली. तिचं नाव ठेवताना केवढी चर्चा झाली होती आठवतं? शेवटी सुहाचे वडील यूसुफभाईच म्हणाले, "सारा ठेवा, दोन्ही घरांच्या धर्मग्रंथांतली आजी आहे ती." लग्नात मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या पनवेलला आम्ही सिनगॉगला मशीद म्हणतो, तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "मग भांडण कशाचं? पत्ता एकच आहे की आपला."

तेव्हा तूही हसला होतास. तू आला होतास, दादा. चार लोक नको म्हणत असताना बहिणीच्या मुलाच्या लग्नाला, पॅलेस्टिनी सुनेच्या घरी जेवायला आलास. ते मी कधी विसरले नाही. आजही विसरलेले नाही, एवढं हे पुढचं वाचताना लक्षात ठेव.

मँचेस्टरच्या सिनगॉगवर हल्ला झाल्यापासून इथेही शब्बाथला सिनगॉगच्या दारावर दोन पहारेकरी असतात. गेल्या शनिवारी एक नवीन मुलगा माझी पर्स तपासताना लाजला. बसस्टॉपवर कुणीतरी आपल्या लोकांबद्दल घाण काहीतरी लिहिलं होतं. सुहानं स्वतः जाऊन कौन्सिलला फोन केला आणि ते पुसेपर्यंत पिच्छा सोडला नाही.

सुहाचे काका वारले. नजीब नाव. यूसुफभाईंचे थोरले भाऊ, तिकडेच पॅलेस्टिनी डोंगरात असायचे, ऑलिव्हची झाडं होती त्यांची. ऑक्टोबरात गेले.

चहा करून येते.

आले. दादा, हे वारले म्हणून लिहिणं खोटं आहे. त्यांना मारलं. आणि ते तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण मी क्रमानं सांगते, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

नजीबकाकांच्या रानाच्या वरच्या टेकडीवर दोन वर्षांपूर्वी काही पोरांनी कॅरव्हॅन आणून ठेवल्या. आधी मेंढ्या सोडल्या, मग पाण्याचा पाइप कापला, मग म्हणाले की खालचा उतारही आमचाच, दावीद राजाच्या वेळेपासूनचा. नजीबकाकांचं म्हणणं, माझ्या पणजोबांनी या दगडी बांधांच्या ताली घातल्या, प्रत्येक दगड आमच्या हातचा आहे. लष्करातल्या कुणी अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंना घरी जा म्हणून सांगितलं. एका बाजूचं घर तिथेच होतं, टेकडीवर. काका तरी ऑलिव्हच्या तोडणीला गेले.

शेजारच्या रानातल्या बाईनं फोनवर व्हिडिओ काढला. तो सुहानं मला हाफ-टर्मच्या सुट्टीत, माझ्याच किचनमध्ये दाखवला. सारा तिच्या बाबाबरोबर पोहायला गेली होती.

"मम, तुला नको दाखवायला खरं तर," ती म्हणाली. "पण ही एक जागा फोनमधल्या ट्रान्सलेटरला लागत नाहीये. तो म्हणतो हे हिब्रू नाही, अरबीही नाही. नुसतं ओरडणं असेल. तू एकदा ऐक."

तोंडाला फडकी बांधलेली पोरं उतारावरून खाली येतात. नजीबकाका हात वर करून पुढे येतात, काहीतरी सांगतायत, ओरडत नाहीत, सांगतायत. मागून त्यांच्या पुतण्यानं दगड भिरकावला तो एका पोराच्या मनगटाला लागला. पोरगा वाकला, हात पोटाशी धरला आणि म्हणाला, "आई गं!"

मग त्यानं दुसऱ्या हातानं काठी उचलली आणि तो पुढे गेला. पुढचं लिहीत नाही.

सुहानं ते परत लावलं. परत, "आई गं!"

"काही अर्थ लागला?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

दादा, तो मुलगा सोळा वर्षांचा असताना उन्हाळाभर माझ्याकडे राहिला होता. माझ्या मागे लागून भाकरी करायला शिकला. तव्याचा चटका बसला तेव्हा असाच, याच सुरात ओरडला होता. मी त्याचं बोट नळाखाली धरलं आणि हसले, म्हटलं, अरे, इस्रायलमध्ये जन्मलास आणि ओरडतोस पनवेलसारखा! तर म्हणाला, "आजोबा पण असंच ओरडते." क्रियापदं त्याची नेहमीच चुकायची. इतका गोड मुलगा. मला त्याची चाल माहीत आहे, खांदा पाडून उभं राहणं माहीत आहे. फडकं बांधलं म्हणून काय झालं.

तरी मी कितीतरी दिवस गप्प बसले. सुहा माझ्यासमोर रोज वडिलांना फोन लावायची, तेराव्याचं जेवण असतं तसं त्यांच्याकडे लोक येऊन बसत होते, मी डबे करून देत होते, आणि गप्प होते. मी स्वतःला सांगत होते की तिकडे आपली माणसं काय थोडी आहेत? दिमोना, अश्दोद, लोद, कुणाच्याही घरातला पोरगा असेल.

शेवटी तुझ्या नातवाला, इतायलाच फोन लावला.

"आत्याआजी!" तो म्हणाला. आनंदानं म्हणाला, दादा. "कशी आहे तू?"

"इताय, मनगट कसं आहे?"

तो म्हणाला, "आजोबांनी सांगितलं?"

त्या मुलानं केलं ते एक. पण माझा भाऊ ज्याच्यामुळे माझे फोन उचलत नव्हता, ते हे होतं, हे मला त्या एका प्रश्नात कळलं. पट्टी तूच बांधलीस ना? तुझा हात हलका आहे. बांधताना काय बोललास त्याच्याशी? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मी म्हटलं, "तो माणूस मेला. सुहाचा काका होता."

"मला माहीत नव्हतं तो त्यांचा आहे."

"दुसऱ्या कुणाचा असता तर?"

"आत्याआजी, तू तिकडे पावसात बसून बोलते. ती जमीन आपली आहे. नदावला मारलं तेव्हा तू माझ्याबरोबर रडली. तेव्हा तू आपली होती."

नदावसाठी मी रडले, आणि त्याबद्दल मला कधीच लाज वाटणार नाही. शाळेपासूनचा मित्र, नाचायला गेलेला बावीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी, तिकडच्या हल्ल्याच्या त्या ऑक्टोबरात इतायचं जेवण तुटलं होतं, तो फोनवर नुसता श्वास घ्यायचा आणि मी धरून बसायचे. तुला एक सांगू? त्या शनिवारी आमच्या घरी पहिला फोन सुहाचा आला होता. "मम, इताय कुठे आहे? दादामामा ठीक आहेत?" तू मागे मला विचारलंस ना, आमच्या मुलांना कापलं तेव्हा तुझी सून रडली का म्हणून? मी उत्तर दिलं नव्हतं. रडली. नंतर गाझातली तिच्या आईकडची माणसं एकेक करून गेली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तिला फोन केला ते तू मला सांग.

मी इतायला म्हटलं, "तू स्वतः पोलिसांकडे जाऊन सांग. वकील घे, आजोबांना बरोबर घे, पण जा. तू नाही गेलास तर मी नाव देईन."

तो लहान मुलासारखा म्हणाला, "मला वाटलं तो उठेल. बाकीचे निघाले, मी मागे बघितलं. मला वाटलं, आता उठेल."

"मग हेच सांग त्यांना," मी म्हटलं. "जसं मला सांगितलंस तसं."

त्यानं फोन ठेवला. नंतर माझा नंबर त्यानं ब्लॉक केला असावा. मी एक शब्बाथ जाऊ दिला.

गुरुवारी मी सुहाला बोलावलं आणि ते दोन शब्द कुठल्या भाषेतले आहेत ते सांगितलं. कुणाचे आहेत तेही सांगितलं.

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "मी विचारलं त्या दिवशी तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तू मला डाळभात वाढलास."

तिनं साराचे कपडे भरले आणि ती वडिलांकडे न्यूपोर्टला गेली. डॅनियल तिच्याबरोबर आहे. तो रोज फोन करतो, पाच मिनिटं गुडघ्याबद्दल बोलतो. यूसुफभाईंचा एकदा फोन आला. म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, हे मी विसरणार नाही. पण सध्या माझ्याकडे येऊ नका." त्यांचा आवाज फार थकला होता.

शुक्रवारी, सुहानं काकांच्या प्रकरणासाठी लावलेल्या सॉलिसिटरकडे जबाब दिला. ती तरुण मुलगी आहे, तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमची खात्री आहे? भाच्याचा मुलगा आहे तुमचा." मी म्हटलं, म्हणूनच खात्री आहे. तिकडे फाइलवर "अज्ञात इसम" लिहून ती बंद करायच्या बेतात होते. आता तसं लिहिता येणार नाही. पुढे काही होईलच असं नाही, हे तिनंच मला सांगितलं. अशा बहुतेक प्रकरणांत काही होत नाही म्हणे.

तू म्हणशील, रक्ताच्या माणसाला विकलं. म्हण. पण मला एकदा लिही की तू दुसरं काय केलं असतंस. नव्हे, तू काय केलंस ते मला दिसतंच आहे.

तू इस्रायलला नवीन गेला होतास तेव्हा तुझ्या लग्नाला रब्बींनी अडवलं होतं. आईच्या आईचं, तिच्याही आईचं नाव विचारलं, हे हिंदुस्थानी खरे यहुदी कशावरून म्हणून. तू बाबांना निळ्या एरोग्रामवर लिहिलं होतंस, "मी इथला आहे हे मी आणखी कसं सांगू?" बाबा ते वाचून न जेवता उठले. व्हिडिओत नजीबकाका हात वर करून काय म्हणतायत ते ट्रान्सलेटरनं लिहून दिलंय. मी वाचलं. जवळजवळ हेच आहे.

आणि नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून आले, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही कुठल्या राजाच्या वेळेपासून आलात. गावकरी तेलाचा घाणा चालवा म्हणाले, शनिवारी बंद ठेवता तर ठेवा म्हणाले. ती गोष्ट इतायला तूच सांगायचास. तिचा अर्थ आपण त्याला सांगायचा राहून गेला की काय, असं मला या दिवसांत सारखं वाटतं. की त्यानं ऐकला आणि ठेवून दिला?

मी त्याचं वाईट चिंतत नाही. दुसऱ्याच्या मुलाचं नाव असतं तर दिलं असतं, म्हणून दिलं. खटला उभा राहिला तर मी येईन. गुडघा असो नसो. साक्ष त्याच्याकडे बघून देईन, मान वळवून नाही, आणि परवानगी मिळाली तर त्यानंतर त्याच्यासाठी डबा आणेन. दोन्ही करीन. तुला यातलं एकच हवं असेल तर ते माझ्याजवळ नाही.

वहिनीला हे तू सांग. आवीच्या बायकोच्या तोंडून कळू देऊ नकोस.

उत्तर नाही आलं तरी मी पुन्हा लिहीन. फाडलंस तर फाड, पण वाचून फाड.

तुझी बहीण, आणि इतायची आत्याआजी, दोन्ही अजून आहे,
येरुशा